बॉयलरची शिवण

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र गेल्या महिन्यात आले. त्यातील साडेतीन पाने घरची खुशाली, मुलांचा अभ्यास आणि यंदाचा पाऊस यांविषयी असल्याने ती येथे उद्धृत करण्याचे प्रयोजन नाही. शेवटच्या अर्ध्या पानात मात्र एक प्रश्न आहे, आणि तो वाचल्यावर बाकीचे पत्र केवळ धीर गोळा करण्यासाठी लिहिले असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्यांच्या घरचा काजू फोडण्याचा लहान कारखाना आहे. काजूबिया वाफवण्यासाठी धाकटे दीर महाराष्ट्रातून एक जुना बॉयलर आणण्याच्या विचारात आहेत. त्याच्या कवचाची लांबीकडची शिवण एके ठिकाणी गळत होती. विकणाऱ्याने ती खरवडून तेथे नवे वेल्डिंग मारले आहे. "पाण्याचा दाब देऊन समोर दाखवतो, थेंब गळला तर पैसे परत. एक्स-रे वगैरे मोठ्या कारखान्यांची थेरं आहेत," असे त्याचे म्हणणे. बॉयलरच्या भिंतीपलीकडे गावातील पंचवीस-तीस बायका काजू सोलत बसतात. "भाऊजी शहाणे आहेत, त्यांच्या कामात मी बोलत नाही. पण मला रात्री झोप येत नाही. तुम्ही मास्तर आहात, कोणाला तरी विचारून लिहा," असे पत्राच्या शेवटी आहे.

मी मराठीचा माणूस. सरकारी परिभाषेत बॉयलरला 'बाष्पक' म्हणतात आणि महाराष्ट्रात 'बाष्पके संचालनालय' नावाचे खाते आहे, एवढेच माझे भांडवल. तो शब्द खात्याच्या पाटीबाहेर कधी पडला नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु माझा एक जुना विद्यार्थी गेली अनेक वर्षे पुण्याकडे अशाच सांध्यांची तपासणी करतो. सुट्टीत तो गावी आला असता दोन दुपारी त्याला समोर बसवून जे समजून घेतले, ते या महिन्याच्या पानात मांडतो आहे.

पहिला प्रश्न असा की, बॉयलरला शिवण असतेच कशाला? आपल्या स्वयंपाकघरातील कुकर हाही वाफेच्या दाबाचेच भांडे आहे. पण तो धातूच्या एका चकतीला साच्यात दाबून घडवलेला असतो, त्याला जोड नाही. बॉयलरचे मोठे कवच तसे करता येत नाही. पोलादाचा जाड पत्रा लाटण्यांमधून वाकवून नळकांडे करतात. त्याची दोन टोके जेथे भेटतात तेथे लांबीची शिवण पडते. अशी नळकांडी एकापुढे एक जोडली, अथवा दोन्ही तोंडांना झाकणे बसवली, की तेथे घेराची शिवण पडते. शिंप्याच्या भाषेत बोलायचे तर बाहीला जशी एक लांब शिवण आणि खांद्याशी एक गोल शिवण असते, तसाच हा प्रकार.

या दोन शिवणी सारख्या दिसतात, पण त्यांवरील भार सारखा नसतो. एक मीटर वीस सेंटीमीटर व्यासाचे कवच घ्या. आत दर चौरस सेंटीमीटरला १० किलोचा दाब आहे असे धरा. या कवचाचा एक सेंटीमीटर रुंदीचा कडा मनातल्या मनात कापून तो मधोमध दोन भागांत विभागला, तर दोन अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर लोटणारा जोर १२० गुणिले १०, म्हणजे १,२०० किलो होतो. हा भार दोन बाजूंच्या भिंती वाटून घेतात. म्हणजे लांबीच्या शिवणीच्या प्रत्येक सेंटीमीटरवर ६०० किलो. पन्नास किलोची बारा पोती, बोटाच्या एका पेराहूनही कमी लांबीला टांगलेली. कवच अडीच मीटर लांब असेल तर त्या एका शिवणीवर दीडशे टन. याच हिशेबाने घेराच्या शिवणीच्या प्रत्येक सेंटीमीटरवर येतात ३०० किलो, बरोबर निम्मे. शेतातील पंपाची जुनी रबरी नळी फुटते तेव्हा ती बहुधा लांबीतच का फाटते, याचे कारण हेच. आमच्या भगिनींच्या पत्रातील गळती लांबीच्या शिवणीला होती, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

शिवण उसवली तर केवळ वाफ निघून जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. खरा धोका वाफेत नसून पाण्यात असतो. १० किलो दाबाखाली पाणी सुमारे १८४ अंश सेल्सियसला उकळते. तोपर्यंत दाबामुळे ते निमूट पाणीच राहते. कवच अकस्मात उघडले की दाब नाहीसा होतो, आणि शंभर अंशांवरील ती सगळी जादा उष्णता एका क्षणात पाण्याचीच वाफ करू लागते. हजार किलो पाण्यातील साधारण सहावा हिस्सा जागच्या जागी वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. म्हणजे दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा वर्ग भरून उरेल एवढी वाफ, डोळ्याचे पाते लवण्याआधी. भिंतीपलीकडे बसणाऱ्या बायकांचा प्रश्न येथे येतो.

याचे इतिहासातील उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन गावचे आहे. २० मार्च १९०५ रोजी सकाळी तेथील एका बुटांच्या कारखान्यात, नव्या बॉयलरचे काम चालू असल्याने राखीव ठेवलेला जुना बॉयलर पेटवला होता. तो फुटून मजले भेदत वर गेला; चार मजली लाकडी इमारत कोसळली, तिने पेट घेतला आणि ५८ माणसे मेली. त्या काळी वेल्डिंग नव्हते. पत्र्याची एक कड दुसरीवर चढवून रिबिटे ठोकीत. अशी कड चढवली की कवच पूर्ण गोल राहत नाही. दाब चढला की ते गोल होऊ पाहते, दाब उतरला की पूर्ववत होते. रोजच्या या वाकण्याने चढवलेल्या कडेखाली, जेथे डोळा पोहोचत नाही नेमक्या तेथे, बारीक भेग पडते आणि वर्षानुवर्षे वाढत राहते. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व ठीक दिसते. या आणि अशाच आणखी अपघातांनंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरांचा कायदा केला, आणि अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ मध्ये बॉयलरांची पहिली संहिता तयार केली. आपल्याकडे हे शहाणपण त्याहून आधी आले होते, आणि तेही प्राण गमावूनच. कलकत्त्यात १८६३ मध्ये मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांतीचे निरनिराळे कायदे मोडून १९२३ मध्ये साऱ्या देशाचा एक कायदा, आणि १९५० मध्ये भारतीय बॉयलर नियमावली आली. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली आहे.

वेल्डिंग आले तेव्हा रिबिटांची कटकट गेली, पण एक नवीच अडचण उभी राहिली. रिबीट मोजता येते, हातोडीने ठोकून तिचा आवाज ऐकता येतो. वेल्डिंगचा सांधा वरून सुरेख, माशाच्या खवल्यांसारखा दिसतो आणि आत काय आहे ते केवळ वेल्डरला ठाऊक असते. पुष्कळदा त्यालाही नसते. आत हवेची छिद्रे राहतात. इलेक्ट्रोडवरील लेपाचे काचेसारखे कीट अडकते. वितळलेला धातू तळापर्यंत पोहोचतच नाही. किंवा पोहोचूनही पत्र्याच्या कडेशी एकजीव होत नाही, नुसता शेजारी जाऊन बसतो. आणि निवताना आकसून भेग पडते. यांतील बारीक, तुरळक छिद्रे मर्यादेत असतील तर चालतात. एकजीव न झालेला भाग आणि भेग या दोन दोषांना मात्र कितीही लहान असले तरी क्षमा नाही, कारण छिद्र आहे तेवढेच राहते आणि भेग वाढते.

म्हणूनच वरच्या दाबाच्या बॉयलरांत कवचाच्या लांबीच्या आणि घेराच्या शिवणींचे संपूर्ण लांबीभर किरणचित्र काढावे, असा नियम झाला. क्ष-किरणांचा हा उपयोग त्यांच्या जन्माइतकाच जुना आहे. राँटगेन यांनी १८९५ मध्ये आपला शोध जाहीर केला त्याच निबंधात, धातूच्या तुकड्याच्या आतील विषमता या किरणांनी दिसते, असे नोंदवून ठेवले होते. जगाने पत्नीच्या हाताचे चित्र लक्षात ठेवले, धातूचा तुकडा विसरला. आज कारखान्यात यंत्राऐवजी पुष्कळदा इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी द्रव्याची बोटभर कुपी वापरतात. तिचा जोर दर ७४ दिवसांनी निम्मा होतो. काम बहुधा रात्री, माणसे दूर करून, दोरी बांधून चालते.

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली एक गोष्ट मला, आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला, फार आवडली. चित्र काढताना सांध्यावर वेगवेगळ्या जाडीच्या बारीक तारांची एक पट्टी ठेवतात. ठरलेली बारीक तार चित्रात दिसली नाही, तर चित्रात दोष दिसत नसला तरी ते चित्रच रद्द. जे चित्र केसाएवढी तार दाखवू शकत नाही त्याच्या 'निर्दोष' म्हणण्याला अर्थ काय? शिवाय शिशाचे अंक ठेवून बॉयलरचा क्रमांक, शिवणीचा क्रमांक आणि जागा चित्रावरच उमटवतात, म्हणजे एका चांगल्या सांध्याचे चित्र दहा सांध्यांच्या कागदांना जोडण्याची सोय राहत नाही. परीक्षा मंडळाने बैठक क्रमांकाबाबत घेतलेली खबरदारी याहून निराळी नाही.

तथापि किरणचित्र म्हणजे सर्वज्ञ नव्हे. भेग किरणांच्या दिशेत उभी असेल तर ती काळी रेघ होऊन दिसते. आडवी किंवा तिरकी असेल तर निसटू शकते. तेथे ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरी पाठवून त्यांचा पडसाद ऐकतात. पृष्ठभागावरच्या भेगांसाठी रंगीत द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारतात. भेगेत शिरलेला रंग भुकटीवर उमटून येतो. ही तशी स्वस्तातली परीक्षा आहे आणि लहान कारखानदाराने तिचा कंटाळा करण्याचे काही कारण नाही.

या साऱ्या परीक्षा सांधा झाल्यावरच्या. पण नियमांचा अधिक भर सांध्याच्या आधीवर आहे, आणि मला वाटते तेच त्यांचे खरे मर्म. पत्रा कोणत्या वितळणीतला, त्याचे प्रमाणपत्र कोठे आहे. कडा किती तिरप्या कापल्या. दोन कडा एका पातळीत आल्या की वरखाली राहिल्या. शेजारच्या नळकांड्यांच्या लांबीच्या शिवणी एका रेषेत तर नाहीत ना, कारण गवंडीसुद्धा विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही. वेल्डिंगची रीत आधी कागदावर ठरते आणि नमुन्यावर सिद्ध करावी लागते. वेल्डर परीक्षा उत्तीर्ण झालेला हवा, आणि त्याचे प्रमाणपत्र ठराविक मुदतीचेच असते. हात बसला म्हणजे जन्मभर बसला, असे हा कायदा मानीत नाही. लांबीच्या शिवणीच्या टोकाला त्याच पत्र्याचे दोन तुकडे लावून तीच शिवण त्यांच्यावर पुढे चालवतात. निरीक्षक त्यांवर आपला ठसा उमटवतो, मग ते कापून ताणून तोडतात, वाकवतात, वाकवलेल्या पाठीवर भेग पडते का ते पाहतात. बॉयलर न मोडता बॉयलरची शिवण मोडून पाहण्याची ही युक्ती आहे. जाड पत्र्याचे कवच असेल तर वेल्डिंगने आत कोंडलेला ताण घालवण्यासाठी ते ६०० अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववतात, आणि नमुन्याचा तुकडाही सोबत भट्टीत जातो.

सर्वांत शेवटी पाण्याचा दाब. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दीडपट. हवेने ही परीक्षा न करता पाण्याने करतात, कारण पाणी दाबले जात नाही. कवच फुटलेच तर दाब तत्क्षणी विरतो आणि कोणी जखमी होण्याचा संभव फार कमी. हवा मात्र स्प्रिंगसारखी जोर साठवून ठेवते.

आता विकणाऱ्याच्या बोलण्याकडे वळू. पाण्याचा दाब देऊन थेंब गळला नाही, एवढ्याने आज, या घटकेला, थंड पाण्याखाली ती शिवण टिकली असे सिद्ध होते. आत अर्धवट भेग असेल तर ती या परीक्षेत न गळता उत्तीर्ण होऊ शकते. पुढे रोज सकाळी पेटवणे आणि संध्याकाळी विझवणे या तापण्या-निवण्यात ती वाढते. म्हणून नियमांत पाण्याची परीक्षा एकटी नाही, शेवटची आहे. दुसरे असे की शिवण गळू लागली ती कशामुळे, हे कोणी पाहिले का? पत्रा आतून गंजून पातळ झाला असेल तर त्यावर नवे वेल्डिंग म्हणजे जीर्ण धोतराला नव्या कापडाचे ठिगळ. फाटते ते ठिगळाच्या कडेने. पत्र्याची जाडी बाहेरूनच लहरींनी मोजणारे हातातले यंत्र मिळते, आणि त्या मोजणीला काही तास पुरतात. तिसरे आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे: नोंदलेल्या बॉयलरच्या रचनेत बदल, भर किंवा नवा भाग घालावयाचा तर मुख्य निरीक्षकाची लेखी परवानगी आधी लागते. २०२५ च्या अधिनियमाने सात अपराधांपैकी तीन सौम्य करून दंडापुरते ठेवले, पण परवानगीवाचून असा फेरफार करणे हा अजूनही फौजदारी अपराधच आहे. तेव्हा धाकट्या दिरांनी विकणाऱ्याकडे एक्स-रेच्या आधी ते परवानगीचे पत्र मागावे. ते नसेल तर पुढचे बोलणे करू नये, मग किंमत काहीही असो.

एक्स-रे ही 'मोठ्यांची थेरं' आहेत का, याचेही उत्तर आकड्यांत आहे. दाबाच्या भांड्यांसाठी असलेल्या अमेरिकन संहितेत दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलेल्या सांध्याला, पूर्ण किरणचित्र काढले असल्यास पुरे गुण, अधूनमधून काढले असल्यास शंभरांपैकी ८५, आणि मुळीच काढले नसल्यास ७० धरतात. सत्तर गुणांचा सांधा वापरायचा तर पत्रा सुमारे ४३ टक्के जाड घ्यावा लागतो. न तपासलेल्या सांध्याला कमी लेखून हिशेब करा, असा त्याचा अर्थ. विकणारा मात्र न तपासलेल्या सांध्याला शंभर गुण देऊन जुन्याच जाडीवर जुनाच दाब चढवू पाहतो.

येथे थोडे विषयांतर करतो. २००७ च्या दुरुस्तीपासून सरकारी निरीक्षकाखेरीज मान्यताप्राप्त खासगी संस्थांनाही तपासणीचा अधिकार मिळाला. सरकारी खात्यात माणसे कमी, कारखाने वाढलेले, तेव्हा ते अटळ होते हे मान्य. पण ज्याचा बॉयलर त्यानेच तपासणाऱ्याची फी द्यावी, यात विद्यार्थ्याच्या वडिलांनी परीक्षक नेमण्यासारखे काही आहे, हे मला दडवता येत नाही. माझा विद्यार्थी यावर हसला आणि म्हणाला, "सर, म्हणूनच त्या तारांची पट्टी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, चित्र मागा." मालकाला चित्रे पाहण्याचा आणि त्यांचा अहवाल आपल्याजवळ ठेवण्याचा आग्रह धरता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि कोणी आपणहून सांगतही नाही.

काही वाचक म्हणतील, आमचा बॉयलर लहान आहे, त्याला कायदा लागत नाही. कायद्याने २५ लिटरांहून कमी पाण्याची, तसेच दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहून कमी दाबाची भांडी वगळली आहेत, हे खरे. म्हणूनच पाणी मुद्दाम २४ लिटर ठेवून घडवलेले बॉयलर बाजारात पुष्कळ दिसतात. त्यांत पाणी थोडे, म्हणून फुटले तर हानी थोडी, एवढाच त्या सवलतीचा आधार आहे. शिवणीवरचा भार दाबाने आणि व्यासाने ठरतो, लिटरांनी नव्हे. असा बॉयलर घेणाऱ्याने निदान रंगाच्या द्रवाची परीक्षा करून घ्यावी, आणि वाफ आपोआप सोडणाऱ्या झडपेला तार गुंडाळू देऊ नये. ही तार मी दोन ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता राहिला हद्दीचा मुद्दा. आपल्या भागात शेताचा बांध ओलांडावा तशी माणसे राज्याची हद्द ओलांडतात. सोयरीक पलीकडे, बाजार अलीकडे. बॉयलरला तशी मोकळीक नाही. एका राज्यात नोंदलेला बॉयलर दुसऱ्या राज्यात नेला, तर ते स्थलांतर तेथील खात्याला विहित रीतीने कळवल्याशिवाय तो पेटवता येत नाही. जुन्या राज्यातील नोंदणीची कागदपत्रे त्यासाठी लागतात, आणि त्या कागदांत त्याची आजवरची दुरुस्ती, कमी केलेला दाब, नाकारलेले प्रमाणपत्र, सारे असते. म्हणून कागद मागितल्यावर विकणारा टाळाटाळ करू लागला तर त्याचा अर्थ सरळ घ्यावा.

बॉयलर प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा त्यावरील उष्णतारोधक लेप आणि पत्र्याचे आवरण लांबीच्या शिवणीपुरते तरी काढायला सांगा. कोरलेला नोंदणी क्रमांक कागदाशी ताडून पाहा. शिवणीशेजारी बारकाईने पाहिले तर एखादे अक्षर किंवा आकडा ठोकलेला आढळतो. तो वेल्डरचा ठसा. मूळ शिवणीला असा ठसा असेल आणि नव्या वेल्डिंगला नसेल, तर ते कोणी केले हे सांगायला कोणीही पुढे येणार नाही.